हलायचं कुणी नाही

"थांबायला शिकवलंस, छान केलंस. पण निघायला कधी शिकवणार?"

ताईने हे विचारलं तेव्हा मुंगीची आई इतकी खुशीत होती, की तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. खूश व्हायला कारणही तसंच होतं. त्या दिवशी दोघी बहिणी एका भल्यामोठ्या दुकानात चादरी घ्यायला गेल्या होत्या. बरोबर धाकटीची लेक, नुकतीच छोट्यांच्या वर्गात जाऊ लागलेली. ही पोर नेहमी पुढच्याच्या टाचांवर नजर ठेवून, रांग न मोडता चालायची, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं. चादरीचा रंग पक्का की कच्चा यावरून बहिणींची जुंपली आणि दोघी मान वर करून बघतात, तर मुंगी नाही.  आईने सगळं दुकान डोक्यावर घेतलं. मुंगी मात्र प्लास्टिकच्या बादल्यांच्या रांगेत, जिथे आईचा हात सुटला होता नेमकी तिथेच, पाय जोडून उभी होती. रडत नव्हती. कुणा काकूंनी पुढे केलेलं बिस्कीटही तिने घेतलं नव्हतं.

"आई, मी हलले नाही," ती म्हणाली.

तिला तसंच शिकवलेलं होतं. काहीही झालं, कुठेही असलीस, तरी आहेस तिथून हलायचं नाही. आई शोधत येते. रोज सकाळी वेणी घालताना हा धडा म्हणून घेतला जायचा, आणि मुंगी तो आरशात बघत, मान हलू न देता म्हणायची. एवढ्या मेहनतीचं चीज झालेलं बघून कुठल्या आईचा ऊर भरून येणार नाही?

ताईचा भरून आला नाही. ताई पोहायला शिकवते. दिवसभर गळ्यात शिट्टी घालून पाण्याच्या काठावर उभी असते, त्यामुळे घरातही ती शिट्टी मारल्यासारखीच बोलते.

"आज बादल्या होत्या म्हणून ठीक," परतताना ती म्हणाली. "उद्या शाळेत धूर झाला आणि ही अशीच पाय जोडून उभी राहिली तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस गं, ताई."

"बरं बाई, नाही बोलत. चादरीचा रंग जाणार, एवढं मात्र लिहून ठेव."

चादरीचा रंग पहिल्याच धुण्यात गेला. दुसरी गोष्ट खरी व्हायला जरा वेळ लागला.

तसं पाहिलं तर मुंगीच्या आईला काळजी करायला कारण लागत नसे. बसमध्ये ती खिडकीच्या सीटसाठी भांडायची, पण बाहेर बघायला नाही. संकटकाळी काच कशी फोडायची ते वाचायला. घराबाहेर पडताना गॅसचं बटण ती स्वतः बघायची, मग नवऱ्याला बघायला लावायची, आणि जिना उतरल्यावर पुन्हा थबकायची.

"मी बघितलं, तू बघितलंस," नवरा म्हणायचा. "आता शेजाऱ्यांचीही सही घेऊ का?"

मुंगीची शाळा जुनी होती. भिंती जाडजूड, पण बाकी सगळं आधीच्या पिढीच्या अंदाजाने चाललेलं. शाळेने इमारतीची दुरुस्ती काढली तेव्हा पालकांची सभा झाली, आणि त्या सभेत मुंगीच्या आईने इतके प्रश्न विचारले की मागच्या रांगेतले बाबालोक घड्याळं बघू लागले. शेवटी मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, चष्मा काढून म्हणाल्या, "एवढे प्रश्न घरी नेऊन तुम्ही करणार काय? त्यापेक्षा सुरक्षा समितीत या."

झालं. ती समितीत गेली, आणि पालकांमध्ये तिचं नाव 'काळजीवाहू सरकार' पडलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने दिवसभर तोंड पाडलं. मग तिच्या लक्षात आलं की, नाव ठेवणारेच हळूच बाजूला घेऊन सांगतात, "ते आमच्या मुलाच्या वर्गातल्या पंख्याचंही तेवढं बघा हं."

दुरुस्तीचं काम एका तरुण आर्किटेक्टकडे होतं. उंच, किडकिडीत, पेन्सिल कानावर ठेवून तीच पेन्सिल खिशात शोधणारा. पहिल्या भेटीत त्याने नकाशा पसरला आणि अभिमानाने खिडक्यांबद्दल बोलायला सुरुवात केली.

"वर्गाची दारं कुठे उघडतात?" तिने विचारलं.

"आत."

"आणि सगळी मुलं एकदम दाराशी आली तर? दार आत ओढायचं कसं? पुढच्या मुलाला भिंतीत दाबून?"

आर्किटेक्टने नकाशाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि खिशात पेन्सिल शोधली.

"कानावर आहे," ती म्हणाली.

दारं बाहेर उघडू लागली. मग कपाटांची पाळी आली. ती एकेक करून भिंतीला जखडली गेली, म्हणजे जमीन हादरली तरी कुणाच्या अंगावर येऊ नयेत. जिन्याला नेहमीच्या कठड्याखाली आणखी एक कठडा लागला, छोट्या हातांना पोहोचेल असा. छोट्यांचा वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आला. मागच्या बाजूला एक दुसरा जिना होता हे तर कित्येक शिक्षकांनाही माहीत नव्हतं, कारण तिथे मोडक्या बाकांचा वृद्धाश्रम झाला होता. बाक गेले, जिना सापडला. आर्किटेक्ट सुरुवातीला तिला बघून नकाशा गुंडाळायला लागायचा. पुढे पुढे स्वतःच फोन करायला लागला. "एक विचारू? तुम्ही या इमारतीत असतात तर तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटली असती?"

"सगळीकडे."

"ते माहीत आहे. पण सगळ्यात जास्त?"

एकाच गोष्टीवर तिने प्रश्न विचारला नाही. छोट्यांच्या वर्गात, पुस्तकांच्या कपाटाच्या पोटात, त्याने एक कोनाडा काढला होता. आत मऊ गादी, पुढे गोल तोंड, आणि एक मूल मांडी घालून बसेल एवढीच जागा. वाचायला, रुसायला, किंवा नुसतंच जगापासून थोडं बाजूला बसायला. लहानपणी आपल्याला असा कोनाडा हवा होता, असं तो सांगताना लाजला होता. कोनाडा इतका गोड होता, की काळजीवाहू सरकारही विरघळलं.

काम संपत आलं तशी सरावाची तयारी सुरू झाली. घंटा लांबलचक, न थांबता वाजली की सगळं आहे तिथे टाकून बाहेर पडायचं. छोट्यांसाठी त्यांच्या वर्गाच्या बाईंनी एक जाड दोर आणला होता. त्याला ठरावीक अंतरावर कापडी कड्या शिवलेल्या. प्रत्येक मुलाची आपापली कडी, प्रत्येक कडीचा वेगळा रंग. मुंगीची पिवळी. कडी धरायची आणि चालू लागायचं. फाटकापाशी मुंगीच्या आईने स्वतःच्या शब्दांत एक फलक लावून घेतला: 'घंटा वाजल्यास पालकांनी आत धावू नये.' मोठ्या बाईंचं म्हणणं होतं की आधी 'कृपया' घालावं. ती म्हणाली, "कृपया घातलं की लोक धावतात."

सरावाच्या दिवशी पालकांना मैदानाच्या कडेला उभं केलं होतं. ऊन छान होतं, वातावरण सहलीचं. घंटा वाजली. दारं बाहेर उघडली, एकालाही धक्का न लागता. मोठी मुलं मागच्या जिन्याने आली, हसू दाबत. मुंगीच्या आईने आर्किटेक्टकडे बघितलं, त्याने तिच्याकडे. दोघांचेही चेहरे बक्षीस समारंभातले. मग छोट्यांचा दोर आला. पुढे बाई, मागे मदतनीस मावशी, मध्ये रंगीत कड्या आणि त्यांना लोंबकळलेली गंभीर तोंडं. लाल, हिरवी, जांभळी.

पिवळी कडी रिकामी होती.

बाईंच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. त्या वळल्या, मावशींना काहीतरी म्हणाल्या. पण तोवर मुंगीची आई मैदानाच्या मध्यावर पोहोचली होती. आपण धावतोय हेही तिला कळलं नाही. स्वतः लावलेला फलक विसरून ती धावली, मुख्य दारात घुसली आणि समोरून येणाऱ्या चौथीच्या रांगेवर आदळली. रांग विस्कटली. कुणाची चप्पल निघाली, कुणी कुणाच्या पाठीवर पडलं, आणि रुंद केलेल्या त्या सुरेख दारात माणसांचं असं बूच बसलं की मागचा अख्खा वर्ग अडकला. "काकू, उलट्या जाताय," एक मुलगी शांतपणे म्हणाली. मुंगीच्या आईने कोपरांनी वाट काढली.

वर्ग रिकामा होता. दारातून बघितलं तर पूर्ण रिकामा. बाईंनीही निघताना असंच दारातून बघितलं असणार. मग तिला कोनाडा आठवला.

मुंगी आत मांडी घालून बसली होती. बूट घातलेले, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. घंटेचा आवाज डोक्यावर कडाडत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण ते तिने खाली पडू दिलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मी हलले नाही."

तिच्या आवाजात एवढा अभिमान होता, की तिच्या आईला गुडघ्यांवर बसावंच लागलं.

दुपारी समितीची बैठक झाली. कुणी तिच्याकडे सरळ बघत नव्हतं. मोठ्या बाईंनी घसा साफ केला.

"एकूण सराव चांगला झाला. इमारतीत दोन दोष आढळले. एक कोनाड्यात, एक पालकांत."

आधी आर्किटेक्ट हसला, मग बाई, मग ती स्वतःच. हसता हसता तिला रडू आलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. बादल्या, वेणी, रोजचा धडा. बाई म्हणाल्या, "मी आत जाऊन बघायला हवं होतं, नुसतं दारातून नाही." आर्किटेक्ट म्हणाला, "मी असा कोनाडा काढला जो दारातून दिसतच नाही. तुम्ही एवढं सगळं विचारलंत, त्याबद्दल का नाही विचारलंत?"

"आवडला होता."

"मलाही," तो खिन्नपणे म्हणाला.

कोनाडा बुजवायचा नाही, असं ठरलं. छोट्यांनी तर नुसती कुणकुण लागताच रडारड केली असती. आर्किटेक्टने त्याची दाराकडची बाजू कापून तिथे मोठी गोल खिडकी काढली. आता आत मूल असेल तर दारातूनही त्याचे पाय दिसत. दुसरा उपाय पालकांसाठी होता. फाटकापासून बऱ्यापैकी दूर, रस्त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेत, त्याने एक जाड खांब रोवला आणि निळ्या रंगाने रंगवला. रोज शाळा सुटताना पालकांनी थांबायचं ते तिथेच. फाटकापाशी घोळका नाही, स्कूटरी नाहीत. घंटा वाजली तरी तिथेच. मुलं मैदानात आखलेल्या गोलात जमणार, बाई एकेकाला हात धरून खांबापाशी आणून देणार.

"आणि जो पालक आत धावेल?" कुणीतरी विचारलं.

"त्याला आम्ही समितीत घेतो," मोठ्या बाई म्हणाल्या.

कपाट कापणं सोपं होतं. मुंगीच्या डोक्यातला धडा खोडायचा कसा, हा खरा प्रश्न होता. मुंगी काही ऐकत नव्हती असं नाही; ती फार ऐकत होती, हीच तर अडचण. "आता शाळेत घंटा वाजली की हलायचं," आईने सांगितलं, तेव्हा मुंगीने तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू कुणी सांगावं की आजपासून पाणी वर वाहणार.

"मग दुकानात?"

"दुकानात थांबायचं."

"आणि दुकानात घंटा वाजली तर?"

आईने ताईला फोन लावला. ताईने 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हटलं नाही, हे तिच्या स्वभावाला धरून अजिबात नव्हतं. ती संध्याकाळी गळ्यातली शिट्टी न काढताच आली आणि मुंगीला समोर बसवून म्हणाली, "हे बघ. तू हरवलीस तर थांबायचं. पण सगळेच निघाले, तर निघायचं. मोठं माणूस पुढे, तू मागे. मुंग्या काय करतात?"

"रांगेत जातात."

"एखादी मुंगी आईची वाट बघत बसते का?"

मुंगीने विचार केला. "त्यांची आई कुठे असते?"

 ताईने बहिणीकडे बघितलं. गाडं नेमकं इथेच अडलं होतं. आई शोधत येते, हे मुंगीला पक्कं माहीत होतं. मग आपण निघून गेलो आणि आई आत शोधत राहिली तर? मुंगी स्वतःसाठी बसून राहिली नव्हती. ती आईसाठी बसून राहिली होती.

मुंगीच्या आईला हे उमगलं. मग तिने मुंगीचे दोन्ही हात धरले.

"मी येणारच नाही," ती म्हणाली. "मी निळ्या खांबापाशी थांबेन. तिथून मी हलणार नाही. काहीही झालं तरी. तू बाईंबरोबर यायचंस, मी तिथे असेन."

"हलायचं नाही?"

"नाही."

"धावायचं पण नाही? तू धावतेस."

नवरा खोकला. हसू लपवायची त्याची ती जुनी रीत होती.

"धावायचंही नाही," आई म्हणाली.

मग घरी तालमी सुरू झाल्या. नवरा स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण बडवायचा, आई आधीच खाली जाऊन इमारतीच्या फाटकापाशी उभी राहायची आणि मुंगीने बाबांमागून जिना उतरून तिच्याकडे यायचं. पहिल्यांदा मुंगी अर्ध्या जिन्यातून परत वर गेली, बाहुली एकटीच आहे म्हणून. दुसऱ्यांदा आईच्याने राहवलं नाही आणि ती जिन्यापर्यंत आली. मुंगीने पायरीवर उभं राहून तिच्याकडे बोट रोखलं. "हललीस." खालच्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून विचारू लागले की रोज संध्याकाळी तुमच्याकडे भांड्यांचं काय बिनसतं. त्यांना सांगितल्यावर तेही काठी घेऊन तालमीत आले, आणि एकदाही न हलता खाली कसं उभं राहावं, हे त्यांनीच तिला सगळ्यांत चांगलं दाखवलं. "हातात काहीतरी धरायचं," ते म्हणाले. "मग पाय ऐकतात."

काही दिवसांनी शाळेत एक नवी मुलगी आली. सगळी तिला नवीच म्हणू लागली. तिच्यासाठी दोराला एक गुलाबी कडी शिवली गेली. नवी कुणाशी बोलायची नाही. गोल खिडकीच्या कोनाड्यात जाऊन बसायची. मुंगी तिच्या शेजारी बाहेर बसायची, कारण आत एकाचीच जागा होती.

त्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटायला थोडा अवकाश होता. पालक निळ्या खांबाभोवती जमले होते, गप्पा मारत. ताईलाही त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ती बहिणीबरोबर आली होती. आणि घंटा वाजली. लांब, न थांबता.

"सराव आज आहे का?" कुणीतरी विचारलं.

सगळ्यांनी मुंगीच्या आईकडे बघितलं. तिला माहीत असायला हवं होतं. ती समितीत होती. सराव आज नव्हता.

शाळेच्या मागच्या बाजूने धुराची एक करडी रेघ वर चढत होती. पाणी चढवायच्या मोटरची खोली तिकडेच होती. मुंगीच्या आईने हात पुढे करून खांब धरला. तिच्या शेजारी उभी असलेली बाई, नवीची आई, फाटकाकडे झेपावली. मुंगीच्या आईने तिचा दंड पकडला.

"सोडा मला."

"नाही सोडणार. त्याच दारातून पोरं यायची आहेत. तुम्ही दारात गेलात तर ती अडकतील."

"तुम्हाला काय कळतंय? माझी मुलगी आत आहे. ती नवी आहे, तिला काही माहीत नाही."

"मला कळतंय. मी गेले होते."

तिचा आवाज स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका सपाट होता. तिने एका हाताने ती बाई धरली होती आणि दुसऱ्या हाताने, आजोबांचं ऐकून, खांब. मिठीच मारली होती म्हणा ना. पाय धावत होते, पण जागच्या जागी. मागून ताईने एकदाच शिट्टी फुंकली, ओळखीची, पाण्याच्या काठावरची, आणि म्हणाली, "सगळ्यांनी इथेच. रस्ता मोकळा ठेवा." आणि काय असेल ते असो, घोळका थांबला.

मोठी मुलं आली. रांगेत, या वेळी न हसता, पण न धावताही. दारं बाहेर उघडलेली, जिना मोकळा. मग दोर आला. पुढे मावशी, एकट्याच. लाल, हिरवी, जांभळी.

पिवळी कडी रिकामी होती. तिच्यामागची गुलाबीही.

"कुठे आहे?" नवीची आई म्हणाली. "कुठे आहे?"

 मुंगीच्या आईने खांबावर गाल टेकला. हलणार नाही, असं तिने सांगितलं होतं. मुंगी बाहेर येईल आणि खांबापाशी बघेल. खांबापाशी कुणी नसलं तर ती परत आत जाईल. ती तशीच आहे. म्हणून थांबायचं. शेजारच्या बाईचा दंड आता तिच्या हातात नव्हता. ती बाईच तिच्या हाताला घट्ट बिलगली होती.

आणि मग मुख्य दारातून बाई बाहेर आल्या. शांत पावलांनी, दोन्ही हातांत दोन मुली. एकीच्या गालांवर पाण्याचे ओघळ होते. दुसरी खाली बघत, बाईंच्या टाचांवर नजर ठेवून चालत होती. मैदानाच्या मध्यावर आल्यावर तिने मान वर केली, थेट निळ्या खांबाकडे बघितलं आणि आई दिसताच पुन्हा खाली बघून चालू लागली. घाई काय होती? आई तिथेच होती.

मोटर जळाली होती, एवढंच. बंबवाले आले तेव्हा धूर विरलाही होता. त्यांनी खोली थंड केली, मुलांनी त्यांच्या टोप्या घालून बघितल्या. तोवर बाईंनी एकेक मूल खांबापाशी आणून पोहोचवलं. मुंगी आणि नवी शेवटी आल्या.

"नवी कोनाड्यात बसली होती," बाई सांगू लागल्या. "दारातूनच पाय दिसले, म्हणून मावशींना पुढे पाठवलं आणि मी आत गेले. पण ही यायलाच तयार नव्हती. उचलायला गेले तर कपाटाची कड घट्ट धरून बसली. म्हणे, आईने सांगितलंय, हलायचं नाही. तेवढ्यात बघते तर मुंगीने कडी सोडलेली, माझ्या मागे उभी. तिला रागावणार होते, तर मुंगीच नवीला म्हणाली, 'तुझी आई खांबापाशी आहे. माझी पण. त्या दोघी हलणार नाहीत. आपणच जायचं असतं.' की लगेच नवीने कपाट सोडलं."

नवीच्या आईने तोंडावर हात ठेवला. "मीच शिकवलंय तिला," ती म्हणाली. "नवीन शाळा, नवीन गाव, म्हटलं हरवायला नको. रोज म्हणून घेते."

"वेणी घालताना?" मुंगीच्या आईने विचारलं.

"केस विंचरताना."

दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या आणि बराच वेळ थांबल्याच नाहीत. मुंगी त्यांच्याकडे बघत होती. मग तिने आईचा हात ओढला.

"तू हललीस का?"

"नाही."

"थोडीशी पण नाही?"

"ताईमावशीला विचार."

"नाही हलली," ताई म्हणाली. "पण तुझ्या आईच्या गालाकडे बघ जरा."

खांबाला नुकताच रंगाचा दुसरा हात दिला होता. मुंगीच्या आईचा डावा गाल, बाही आणि कोपर निळंशार झालं होतं.

"या वेळी मला विचारून घ्यायचा होता रंग," ताई म्हणाली. "कच्चा आहे."

तो रंग गालावरून गेला, बाहीवरून गेला नाही. तो कुर्ता मुंगीची आई अजून घालते, आणि कुणी डागाबद्दल विचारलं की ही गोष्ट सांगते. गोष्टीच्या शेवटी ती समोरच्याला एक काम सांगते; तुम्ही वाचताय, तर तेच तुम्हालाही. तुमच्या घरात, शेजारात किंवा नात्यात एखादं शहाणं मूल असेल. सांगितलेलं सगळं ऐकणारं, रांग न मोडणारं, ज्याची कुणाला कधी काळजी करावी लागत नाही. आज त्याच्याकडे जा आणि जवळ बसवून विचारा, की शाळेत मोठी घंटा वाजली आणि सगळे निघाले, तर तू काय करशील? ते जर म्हणालं, 'मी वाट बघेन', तर कुणाची, ते विचारा. आणि तुम्ही कुठे उभे असाल, ते त्याला आजच सांगून ठेवा.